मासळी सोडल्याचं साल

माउलीच्या सणाला उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात जो तो काहीतरी मागून घेतो. कोणाला नवी बोट हवी असते, कोणाला आखातातली नोकरी, कोणाला सुनेच्या मांडीवर मूल. त्या सप्टेंबरात सेलेस्टिनने मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि मागच्या बाकावरच्या बायकांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात पोरीसाठी मेडल मागितलं.

"माजी टॅनिया नॅशनलला मेडल आनत न्हाय तवर ती मासलीला तोंड लावनार न्हाय," ती म्हणाली. "ओली न्हाय, सुकी न्हाय. मटन न्हाय, अंडापन न्हाय. वरचा रस्सापन न्हाय."

टॅनिया शेजारीच गुडघ्यांवर होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने आईकडे पाहिलं, पण आईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, त्यामुळे भांडण उकरून काढायची सोय नव्हती.

इतर ठिकाणी लोक देवासाठी वांगं सोडतात, कारलं सोडतात आणि वर देवावर उपकार केल्याच्या थाटात फिरतात. कोळणीच्या घरात मासळी सोडायची म्हणजे सकाळचं, दुपारचं आणि रात्रीचं जेवणच सोडायचं. म्हणून हा नवस भारी मानला जातो. सण आटपायच्या आत तो गावभर झाला आणि तेव्हापासून टॅनियाच्या ताटावर गावाची नजर बसली.

खरं सांगायचं तर टॅनियाला तो तेवढा वाईटही वाटला नाही. ती आठशे मीटर धावायची. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ती चौथी आली होती आणि तिसरीच्या आणि तिच्या मध्ये फक्त छातीएवढं अंतर होतं. तिचे कोच सुभाष सर मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कात राहायचे, दिवसा कंपनीत नोकरी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ पोरापोरींना मुरमाच्या मैदानावर पळवायचे. उन्हाळ्यात ते म्हणाले होते, वजन थोडं उतरव. तिने चपात्या कमी केल्या, वजन उतरलं आणि ती खरोखरच जोरात धावू लागली. मग सरांनाही वाटलं आणि तिलाही वाटलं, की अजून उतरलं तर अजून जोरात. आईच्या नवसाने ते काम आयतंच केलं. देव आणि कोच एकाच बाजूला असल्यावर माणूस उलटं बोलणार तरी कसं.

ऑक्टोबर लागला आणि बोंबील वाळवायचे दिवस सुरू झाले. निकोलसची, म्हणजे टॅनियाच्या बापाची, बोट पहाटे लागायची. बायका गुडघाभर पाण्यात जाऊन टोपल्या घ्यायच्या आणि ओल्या वाळूतून वर वाळवणीच्या जागेवर आणायच्या. तिथे बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या असत. बोंबलांची जोडी घ्यायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती दोरीवर टाकायची. टॅनिया लहानपणापासून हे करत आली होती. टोपली उतरवून, हात धुऊन ती भाईंदरची बस पकडायची, तिथून मैदान गाठायची आणि संध्याकाळी परत आली की भात, डाळ आणि दुधीची भाजी खायची. समोर बाप कोळंबीचं कालवण ओरपत असायचा. तो बिचारा पाठ करून बसायचा, पण कालवणाचा वास काही पाठ करून बसत नाही.

डिसेंबरात तिचे हात गार पडू लागले. पाळी थांबली होती. आधी उशीर झाला, मग आलीच नाही. मैदानावरच्या मुली म्हणाल्या, चांगलंच आहे, कटकट गेली. तीही तसंच समजून गप्प बसली. रात्री झोप यायची नाही आणि सकाळी उठवायचं नाही. पिंढऱ्या दगडासारख्या लागायच्या. आणि तिला एक विचित्र खोड लागली होती. येता-जाता ती डब्यातले कच्चे तांदूळ मूठभर घ्यायची आणि कराकरा चावत राहायची. आईने एकदा हटकलं तर म्हणाली, भूक न्हाय, जरा तोंड चाळवते.

मैदानावर सुरुची नावाची एक मुलगी होती. दोन वर्षांनी लहान, टॅनियाच्या मागे धावून धावून तयार झालेली. एका सकाळी शेवटच्या वळणावर सुरुची तिच्या बाजूने निघून गेली आणि जाताना अवघडून "सॉरी, दीदी" म्हणाली. ते सॉरी टॅनियाला फार लागलं.

सरांनी तिला बाजूला घेतलं. त्यांची एक सवय होती. कमरेच्या वरची कातडी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायचे, बाजारात कोंबडी बघतात तसं. "अजून आहे," ते म्हणाले. "आणि तू मेहनत कमी करतेयस."

"सर, मी तेवढंच करतेय. उलट पाय उचलत नाहीयेत."

"म्हणजे कमी पडतंय. उद्यापासून सकाळी जास्त फेऱ्या."

सर काही दुष्ट नव्हते. त्यांच्या काळी ते स्वतः असेच धावले होते, उपाशीपोटी आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि तसे धावूनच संपले होते. पण आपण कशामुळे संपलो हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांना एकच औषध माहीत होतं, आणि ते लागू पडलं नाही तर दुप्पट द्यायचं एवढंही माहीत होतं. टॅनियाने जास्त फेऱ्या मारल्या. ती आणखी हळू झाली.

जानेवारीत राज्य स्पर्धा झाली. पहिली फेरी ती सगळ्यांच्या बरोबर होती. दुसऱ्या फेरीच्या पाठीमागच्या सरळ रेषेत तिने नेहमीसारखा जोर मागितला आणि पायांनी तो दिला नाही. दुखलं असतं तर तिला चाललं असतं. दुखणं तिच्या ओळखीचं होतं. पण इथे काही नव्हतंच, विहिरीत बादली सोडावी आणि ती कोरडीच वर यावी तसं. एकेक मुलगी पुढे गेली. ती शेवटून दुसरी आली, आणि शेवटची आली ती मुलगी मध्येच पडली होती.

सर पाणी घेऊन आले. हळूच म्हणाले, "टॅनिया, खरं सांग. मुलगा वगैरे आहे का कोणी? मन नाहीये तुझं धावण्यात."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ज्या धावण्यासाठी तिने पोट मारलं होतं त्याच धावण्यात तिचं मन नाही असं तो माणूस म्हणत होता. तिला इतका राग आला की पाण्याची बाटली तिने घेतलीच नाही.

त्यानंतर चारेक दिवसांनी भाईंदर स्टेशनचा जिना चढताना ती मध्येच थांबली. कठड्याला धरून उभी राहिली. भाजीच्या पिशव्या घेतलेली एक आजी तिला ओलांडून वर गेली आणि वळून म्हणाली, "बेटा, तबियत ठीक नहीं है क्या?" देशातली चौथ्या क्रमांकाची धावपटू जिन्यात धापा टाकत होती. ती तशीच खाली उतरली आणि समोरच्या दवाखान्यात शिरली.

तिथल्या डॉक्टर नीलिमा यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, पाळीचं विचारलं, कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते का तेही विचारलं आणि रक्त काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदाकडे बघत बोलल्या, "तू धावतेस म्हणालीस ना?"

"हो."

"एवढ्या रक्तात मी अंथरुणातून उठले नसते. लोह संपलंय तुझं. नुसतं कमी नाही, साठासुद्धा संपलाय. खातेस काय?"

"भात. डाळ. भाजी."

"उत्तनला राहून?"

टॅनियाने नवसाचं सांगितलं. डॉक्टर हसतील असं तिला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे बघ, शरीराला जेवढं मिळतंय त्याच्यापेक्षा तू जास्त खर्च करतेयस. मग ते एकेक काम बंद करतं. पाळी बंद, झोप बंद, शेवटी पाय बंद. गोळ्या देते. पण त्याबरोबर खायला लागेल. मासे, मटण, कलेजी, पोटभर. आणि धावणं थांबव."

"किती दिवस?"

"दिवसांत नको मोजू. महिने लागतील. आणि मधेच हुशारी करून पळालीस तर पुन्हा पहिल्यापासून."

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिला रडू आलं. पण त्या रड्यात सुटकेचाही भाग होता. आपण आळशी नव्हतो, आपलं मन कुठे गेलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. चौकात उतरेपर्यंत रडू संपलं आणि राग उरला.

तो हंगाम नेमका वाईट होता. डोल जाळ्यात, म्हणजे दर्यात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबलांपेक्षा जेलीफिश जास्त यायचे, आणि जे बोंबील यायचे ते वाळवायला घातले की आभाळ भरून यायचं. ऊन नसलं की बोंबील वाळायच्या ऐवजी आंबतो. बायका दिवसभर आभाळाकडे बघत बसायच्या. अशा दिवसांत टॅनियाने घरात विषय काढला.

"आय, मना मासली खायला लागेल. डाक्टरनी सांगितलंय."

सेलेस्टिन दोरीची गाठ सोडवत होती. "डाक्टर काय उत्तनची हाय?"

"रक्त न्हाय माज्यात."

"रक्त बिटानी येतं. बीट आनते."

"बिटानी येनार न्हाय. धावता येत न्हाय मना, आय. जिना चढवत न्हाय."

सेलेस्टिनचा हात थांबला. पण ती म्हणाली, "माउलीच्या म्होरं बोललीय मी. बापूस दर्यात जातो तुजा. आधीच जालात कचरा येतोय. उद्या काय झालं तं कोन भरून देनार? तू?"

निकोलस उंबऱ्यावर बसून विडी ओढत होता. तो एरवी बायकोच्या विरुद्ध बोलायची संधी सोडायचा नाही, पण दर्याचं नाव निघाल्यावर तोही तिच्या बाजूला झुकला. एवढंच म्हणाला, "हंगाम जाऊं दे. मंग बगू."

"हंगाम जाईपर्यंत मी जाईन," टॅनिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. सगळ्या बायका वाळवणीवर होत्या. शेजारच्या दोऱ्या शेवंतीच्या. शेवंतीचा देव वेगळा होता, पण दुसऱ्यांच्या देवाचे नवस तिला स्वतःच्या नवसांपेक्षा जास्त पाठ असायचे. चहासाठी तीन दगडांची चूल पेटवली होती. टॅनियाने दोरीवरची एक जोडी उतरवली, जबड्यातून जबडा सोडवला आणि दोन्ही बोंबील निखाऱ्यावर टाकले.

वास सुटला तसं एकेकीचं तोंड वळलं.

"कोनासाठी गो?" शेवंतीने विचारलं.

"माज्यासाठी."

"तुला तं चालत न्हाय."

"आजपासून चालतंय."

सेलेस्टिन दोन दोऱ्या पलीकडे उभी होती. तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. "टॅनिया, ठेव ते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या दोरीपर्यंत पोचला.

टॅनियाने बोंबील उचलला, राख झटकली आणि उभ्यानेच खाल्ला. तिला घरात, दार लावून, गपचूप खाता आलं असतं. डॉक्टरने ताटाचं सांगितलं होतं, तमाशाचं नाही. पण नवस चारचौघांत झाला होता, तेव्हा तो मोडायचाही चारचौघांत, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. चोरून खाल्लं असतं तर ते पाप झालं असतं. पहिला बोंबील खाऊन तिने दुसरा उचलला. बोंबील थोडा करपला होता आणि तिला तो फार आवडला.

सेलेस्टिनने टोपली खाली ठेवली आणि ती देवळाच्या दिशेने गेली. ती फादरना भेटून आली तेव्हा दुपार झाली होती.

"फादर काय बोलले?" निकोलसने विचारलं.

"काय न्हाय."

आणि त्या आठवड्यातच निकोलसचं जाळं फाटलं. वाहून आलेला लाकडाचा ओंडका अडकला आणि डोल जाळ्याचं तोंड उसवून गेलं. किनाऱ्यावर जाळं पसरून तो शिवायला बसला तेव्हा येणारा-जाणारा थांबून हळहळायचा आणि मग टॅनियाच्या घराकडे बघायचा. शेवंती तर दोनदा येऊन हळहळून गेली. संध्याकाळी निकोलस मान वर न करता म्हणाला, "तुजं पोट भरलं. आमचं रिकामं."

ते तिच्या काळजात गेलं. पण ती हटली नाही. "जाल ओंडक्यानी फाटलं, बा," ती म्हणाली. "मी बोंबील खाल्ला. ओंडका न्हाय खाल्ला." आणि त्याच्या शेजारी बसून तिने दुसरी सुई ओवली. बापलेक अंधार पडेपर्यंत जाळं शिवत बसले.

मग तिचे सगळ्यात वाईट दिवस आले, ते म्हणजे विश्रांतीचे. जिथे साठीची म्हातारीसुद्धा टोपली उचलते तिथे तरण्या पोरीने ओट्यावर बसायचं ही गोष्ट गावाला पचण्यासारखी नव्हती. टॅनिया हलकी कामं करायची, बसून बोंबील निवडायची, आणि पोटभर खायची. मांदेली, कालवं, कलेजी. पोरं किनाऱ्यावर शर्यती लावायची आणि तिच्यासमोरून मुद्दाम जोरात पळायची. कोणीतरी विचारायचं, "काय टॅनिया, रिटायर झाली काय?" ती म्हणायची, "हा. पेन्शन बोंबलात मिलते." लोक हसायचे. घरात येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडायची, कारण विनोद केला तरी भीती जात नव्हती. परत धावता आलंच नाही तर, ही भीती होती. धावणं सोडून तिला काही नको होतं.

फेब्रुवारीअखेर सुभाष सर स्कूटर घेऊन उत्तनला आले. ओट्यावर बसले. सेलेस्टिनने सरबत दिलं.

"लोक म्हणतायत तू सोडलंस," सर म्हणाले.

"लोक काहीही म्हणतायत."

"मग ये ना. हळूहळू सुरू करू. मैदानावर नुसती ये. सुरुची बघ कुठे पोचलीय."

"सर, मी आले तर तुम्ही पळवणार आणि मी पळणार. तुमच्यावर पण माझा भरवसा नाही आणि माझ्यावर पण नाही." तिने डॉक्टरचा कागद पुढे केला. सरांनी तो वाचला, परत वाचला.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. पाय उचलत नाहीयेत म्हणून सांगितलं होतं."

सर सरबताचा ग्लास हातात फिरवत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि टॅनियाला त्यांची कीवही आली, पण तिने शब्द मागे घेतला नाही. ते निघाले तेव्हा ती म्हणाली, "मी सांगेन तेव्हा येईन. आणि आले की माझी कातडी बघायची नाही."

मार्च गेला, एप्रिल गेला. एका सकाळी तिला पाळी आली. ती न्हाणीत उभी राहून एकटीच हसली. ज्या गोष्टीला आजवर कटकट म्हटलं तिच्यासाठी तिने माउलीचे आभार मानले. कच्च्या तांदळाची खोड कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा रक्त बघितलं आणि म्हणाल्या, आता चाल, मग हळू धाव. पहिल्या दिवशी ती ओहोटीच्या ओल्या वाळूवरून इतकी हळू धावली की एक कुत्रा तिच्याबरोबर चालत आला. पण पायांत काहीतरी होतं. थोडंसंच, तळाशी, पण बादली ओली वर येत होती.

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या गेल्या. ती जवळच्या डोंगरी गावाच्या चढावर धावू लागली. दम लागला की थांबायची, भूक लागली की खायची, थकली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची. सुट्टी घ्यायला तिला धावण्यापेक्षा जास्त हिंमत लागायची. श्रावणात तिने सरांना फोन केला. सरांनी आता कागदावर फेऱ्या लिहिण्याआधी विचारायला सुरुवात केली होती, "आज कसं वाटतंय?" विचारताना ते अवघडायचे, जावयाला विचारावं तसं विचारायचे, पण विचारायचे.

घरात सेलेस्टिन तिच्याशी कामापुरतं बोलायची. तिचं मासळी देणं मात्र कधी चुकलं नाही. टॅनियाच्या ताटात आधी तुकडा पडायचा, तोही मधला. स्वतः ती सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायची. नवा हंगाम लागला तेव्हा टोपली आणता आणता ती वाळूत मध्येच बसू लागली. निकोलस म्हणाला, "वय झालं तुजं." तिने त्याला अशी शिवी दिली की पुन्हा त्याने वयाचा विषय काढला नाही.

ऑक्टोबरात राष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी मुंबईत होती. टॅनियाला वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी सेलेस्टिन निघाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पोरीची शर्यत बघायला आली. चांगलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून ती स्टँडच्या खालच्या पायरीवर बसली आणि आजूबाजूच्या लोकांकडे संशयाने बघत राहिली.

सरांनी वजनाचा काटा आणला होता, सवयीने. टॅनियाने त्याच्याकडे पाहिलं. सरांनी तो पायाने बाकाखाली सारला.

पहिल्या दोनांत आली तर निवड होती. बंदूक वाजली. पहिल्या फेरीत टॅनिया मध्येच कुठेतरी राहिली, सुरुची सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या फेरीची घंटा झाली. पाठीमागच्या सरळ रेषेत, जिथे जानेवारीत सगळं संपलं होतं, तिथे तिला भीती वाटली. ती मागायला घाबरत होती. जोर न मागताच मागे राहिलं, तर निदान पायांचं 'नाही' तरी ऐकावं लागलं नसतं. मग तिला वाळवणीवरचा तो करपलेला बोंबील आठवला आणि ती स्वतःवरच चिडली. एवढा तमाशा करून खाल्लंय, आता वसूल कर. तिने जोर मागितला.

आणि पायांनी दिला. दुखून दिला, घसा जळून दिला, पण दिला. वळणावर तिने एकीला मागे टाकलं, सरळ रेषेत दुसरीला. सुरुची काही हाती लागली नाही. टॅनिया दुसरी आली. रेषेपलीकडे ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि सुरुची जवळ येऊन म्हणाली, "दीदी, मला वाटलं तू आलीसच." या वेळी सॉरी नव्हतं.

सर आले. त्यांचे डोळे भरलेले होते. ते काही बोलायच्या आत टॅनिया म्हणाली, "मन होतं ना सर?"

"होतं," सर म्हणाले. "माझंच ठिकाणावर नव्हतं."

भाईंदरला मायलेकी उतरल्या. जिना चढायचा होता. टॅनिया पिशवी खांद्याला लावून वर पोचली आणि मागे वळली, तर आई नव्हती. सेलेस्टिन मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी होती, अगदी त्याच जागी. तिचे ओठ पांढरे दिसत होते. तिने कनवटीला हात घातला, काहीतरी चिमूटभर काढलं, तोंडात टाकलं आणि चावू लागली.

टॅनिया खाली आली. तिने आईची मूठ उघडली. कच्चे तांदूळ होते.

टॅनियाने तिची खालची पापणी ओढून बघितली. मग विचारलं, "कवापासून?"

"काय कवापासून?"

"आय."

सेलेस्टिनने जिन्यावरून जाणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "तू खाल्लंस त्या दिसापासून," ती म्हणाली. "फादर बोलले, नवस दुसऱ्याच्या पोटावर करता येत न्हाय, सेलेस्टिन. करायचा तं आपल्या पोटावर करायचा. मंग मी घेतला माज्या पोटावर. बोलली व्हती ना मी माउलीला. तुजा बापूस दर्यात जातो."

टॅनिया तिथेच पायरीवर बसली. गेले कित्येक महिने तिच्या ताटात आधी पडणारा मधला तुकडा, चुलीकडे वळलेली पाठ, वाळूत मध्येच टेकणारी टोपली, सगळं तिला एकदम दिसलं. हे सगळं तिने स्वतःच्या अंगात ओळखलं होतं आणि आईच्या अंगात ओळखलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि आईवर अतोनात माया आली, आणि त्या मायेपेक्षा जास्त राग.

"मेडल येऊं दे," सेलेस्टिन म्हणाली. "आता थोडंच रायलंय."

"चल घरी," टॅनिया म्हणाली.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली. ताजे बोंबील साफ केले, हळद-मीठ-मिरची लावली, दगडाखाली दाबून पाणी काढलं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळले. मग दोन ताटं वाढली आणि दोन्ही बाहेर ओट्यावर आणून ठेवली. समोर शेवंती दोऱ्या ताणत होती. निकोलस जाळ्याच्या ढिगावर बसला होता. त्याला जिन्यावरची गोष्ट कळली होती आणि त्याची विडी विझून गेली होती तरी तो ती ओढतच होता.

"बस," टॅनिया म्हणाली.

"मी न्हाय खायची."

"नको खाऊ. मंग मीपन न्हाय खायची. आजपासून."

"येडी झालीस? तुला नॅशनल धावायचंय."

"धावेन तशीच. जिन्यात थांबू दोघी मिलून." टॅनियाने हात मांडीवर ठेवले. "मेडल मी आनीन न्हाय आनीन, ते माज्या पायांचं हाय. तुज्या रक्तावर आनलेलं मना नको. माउलीला सांगायचं तं मी सांगते, तुज्या देखत."

सेलेस्टिनने नवऱ्याकडे पाहिलं. दर्यात जाणारा तोच होता. निकोलसने विझलेली विडी फेकली. "खा गो," तो म्हणाला. "मना पोहता येतंय."

शेवंतीच्या हातातली दोरी सैल पडली होती. ती उघडच बघत होती.

"बग, शेवंतीकाकी, नीट बग," टॅनिया म्हणाली. "मंग गावात सांगायला बरं पडेल."

टॅनियाचं ताट तिच्यापुढे तसंच होतं आणि बोंबलांची वाफ कमी होत चालली होती. शेवटी सेलेस्टिनने पोरीला, पोरीच्या धावण्याला आणि तिला जन्म दिल्याच्या दिवसाला एक लांबलचक शिवी दिली. मग कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, बोंबील उचलला, मधला काटा सरळ ओढून काढला आणि घास तोंडात घातला. ती चावत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिने ते पुसलं नाही.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि दुसरा उचलला.